घर वर जाताना

घर उचलायच्या दिवशी भिमाबाईंची खाट उजाडायच्या आतच रस्त्यापलीकडे, पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर नेऊन ठेवली होती. खाटेवर भिमाबाई, त्यांच्या मांडीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोच्या काचेवर त्यांचा हात. बाकी संसार, म्हणजे कपाटं, गॅसच्या टाक्या, सोपानची वेताची खुर्ची, बजरंगचा टीव्ही, गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडात दोन ढिगांत रचलेला होता. दोन ढिगांमध्ये हातभर वाट सोडलेली होती. तसं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सामान हलवताना ती आपोआपच सुटली होती.

सोपान हात मागे बांधून रस्त्याच्या कडेला उभा होता. उभी हयात नगरपरिषदेच्या पाणीपट्टीच्या खिडकीत बसून काढल्यामुळे कुठल्याही सरकारी कामाकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव यायचा. हे काम होणार नाही, आणि झालं तर आपण गेल्यावर होईल, असा तो भाव. आज मात्र तो चेहऱ्यावर टिकत नव्हता. समोर आपलं घर जमिनीपासून कापलेलं होतं आणि लोखंडी जॅकांवर उभं होतं.

एकटं त्याचंच घर नव्हे. कामगार चाळीतली चार घरं एका स्लॅबखाली होती, आणि ती चारही एकदम उचलायची होती. हरियाणातून आलेल्या मिस्त्र्याने आठवडाभर माणसं लावून भिंतींखालची माती उकरली होती, भिंतींच्या बुडाखाली लोखंडी चॅनल सरकवले होते आणि चॅनलखाली जॅक बसवले होते. आज सगळे जॅक एकदम फिरणार होते. बघायला अर्धं गाव आलं होतं. घोडेगावच्या बाजाराला निघालेला एक टेम्पो मागच्या शेळ्यांसकट थांबला होता. त्यातला माणूस म्हणाला, "येवढं बगून जातो. शेळ्या उद्याबी इकतील."

खरं तर घर खचलं नव्हतंच. रस्ता वर आला होता. दर निवडणुकीला नवा रस्ता व्हायचा आणि जुना कधी उकरला जायचा नाही. त्याच्यावरच खडी, त्याच्यावरच डांबर. ते दाबायला नगरपरिषदेचा रोलर असायचा आणि त्या रोलरवर सोपान-बजरंगचे वडील छगन ऐटीत बसलेले असायचे. आपल्या दारासमोर आले की रोलर थांबवून चहा घ्यायचे आणि पुन्हा दोन फेऱ्या जास्तीच्या मारायचे. पोरं लहान होती तेव्हा दाराला दोन पायऱ्या चढून जावं लागायचं. छगन निवृत्तीला आले तोवर दोन पायऱ्या उतरून जावं लागत होतं. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी घरात यायचं आणि अख्खं कुटुंब पातेल्यांनी ते उपसायचं. त्यात छगनही असायचे. आपला रस्ता किती पक्का झालाय, पाणी अजिबात मुरत नाही, असं ते अभिमानाने सांगायचे.

मग वरून निकष आले. नगरपरिषदेच्या मालकीच्या घरांत पाणी किती वेळ यावं, गटार कसं असावं, जोतं रस्त्यापेक्षा किती उंच असावं, तक्रारीला उत्तर कधी द्यावं. या सगळ्यात नगरपरिषद नापास झाली. आजवर ती नापासच होती, फक्त परीक्षा कुणी घेतली नव्हती. त्यापाठोपाठ नगरपरिषदेच्या नव्या इंजिनियर मोनिका मॅडम आल्या. वय पोरीसारखं, पायांत बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि चाळीत शिरताना नाकाला रुमाल नाही. पहिल्या महिन्यात गटार वाहतं झालं. पाण्याची टाकी धुऊन तिच्यावर तारीख रंगवली. नळाला सांगितलेल्या वेळी पाणी आलं त्या दिवशी तर चाळीत लोक घाबरले. काहीतरी वाईट बातमी आहे म्हणून शेजारपाजारचे एकमेकांना विचारायला बाहेर आले.

राहिलं जोतं. पाडून नवीन बांधायचं तर घरं रिकामी करावी लागणार. नगरपरिषदेला रिकामं करून दिलेलं घर परत मिळालंय असा माणूस चाळीत कुणाच्या पाहण्यात नव्हता. त्यामुळे कुणी हललं नाही. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. घरं पाडत नाही. वर घेऊ."

लोक हसले होते. सोपान सगळ्यात जास्त हसला होता.

"जोतं वर आलं की राहती घरं तुमच्या नावावर करायचा ठराव आहे," मॅडमनी पुढे सांगितलं होतं. "अट एकच. घर मूळ नकाशाप्रमाणे असलं पाहिजे. एक घर, एक कुटुंब. मध्ये कुणी भिंती घातल्या असतील, दोन बिऱ्हाडं केली असतील, तर ते घर रद्द. यादीतल्या पुढच्याला जाईल."

त्यावर सोपानचं हसू थांबलं होतं.

कारण त्यांच्या घरात भिंत होती.

नकाशात ती एकच लांब खोली होती. पुढचं दार या रस्त्यावर, मागचं दार साखर कारखान्याच्या रस्त्यावर. छगन कामावर असतानाच गेले आणि त्यांच्या जागी एका मुलाला नोकरी मिळायची होती. सोपान थोरला, सोपानला मिळाली. बजरंग नगरला, आता अहिल्यानगरला, नागापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला आणि रोज जाऊन-येऊन तिथेच काम करत राहिला. त्याच वर्षी भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले, आणि पाठोपाठ खोलीच्या मधोमध आडवी भिंत उभी राहिली. पुढचा भाग सोपानचा, मागचा बजरंगचा. गवंडी बोलवला तर तो चार ठिकाणी बोलणार, म्हणून दोघांनीच ती बांधली. सोपान या बाजूने, बजरंग त्या बाजूने, दोन रविवार, तोंडातून शब्द न काढता. विटा मातीत रचल्या आणि वरून गिलावा केला. बाजूच्या भिंतींत एकही वीट घुसवली नाही, कारण तपासणी आलीच तर एका रात्रीत उतरवता यायला हवी होती. तपासणी कधी आली नाही. भिमाबाई एक महिना पुढे आणि एक महिना मागे राहू लागल्या. महिना सरला की गल्लीला वळसा घालून, पिशवी घेऊन, त्या एका लेकाकडून दुसऱ्याकडे जायच्या.

आणि आता मॅडम मोजमापाला येणार होत्या. भिंत उतरवावी तर लागणार, पण आधी कुणी हात लावायचा यावर दोन्हीकडे अडलं. तोड काढली बजरंगच्या बायकोने, राजेश्वरीने. खर्ड्याची असल्यामुळे वेढा पडला तरी आपण किल्ल्यातच आहोत अशा धीराने ती बोलायची. तिने बाजारातून लाकडासारखा दिसणारा चिकट कागद आणला. दोन्ही जावांनी आपापल्या बाजूने तो भिंतीवर चिकटवला, आणि मॅडम आल्यावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आवाज आला होता, "पार्टिशन हाय मॅडम. प्लायवूडचं."

मॅडमनी कागदाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मिस्त्र्याला सांगितलं, "प्लायवूड आहे, याच्याखाली जॅक नको."

त्या रात्री सोपान निवांत झोपला होता. घर वर जाईल तशी भिंतही वर जाईल, असं त्याने धरलं होतं. घरातलं सगळंच घराबरोबर जातं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

मिस्त्र्याने नारळ फोडला. खिडकीच्या कट्ट्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "ये ग्लास बघा. सांडला तर पैसा नाही घेणार."

मग त्याने शिट्टी मारली.

घराच्या आत आणि बाहेर, सगळ्या भिंतींच्या कडेने उकिडव्या बसलेल्या माणसांनी एकदम आपापला दांडा ओढला. पाव फेरा. थांबले. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाव फेरा. काही झालं नाही. घर होतं तिथेच होतं. टेम्पोवाला म्हणाला, "कुटं काय?" शिट्टी झाली. पाव फेरा. चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता. इतकी माणसं जमलेली असून चिमण्यांचा आवाज ऐकू यावा, असं त्या गावात कधी झालं नव्हतं.

"ते बगा," शुभांगी हळूच म्हणाली. सोपानची बायको, कधी हळू न बोलणारी. "अहो, खाली बगा ना."

भिंतीच्या बुडाशी एक रेघ दिसत होती. उजेडाची. कापलेल्या जागेपलीकडचं ऊन तिच्यातून इकडे येत होतं. शिट्टी झाली आणि ती रेघ जाड झाली. पुन्हा झाली, तेव्हा तिच्यातून बोट गेलं असतं. चार घरं, त्यांचा स्लॅब, स्लॅबवरच्या पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, वाळत राहून गेलेली एक साडी, हे सगळं एकत्र, जराही न करकरता वर निघालं होतं. पेल्यातलं पाणी हललं नव्हतं. ज्या घराला खिळा मारताना सोपान कायम घाबरायचा, की गिलावा पडेल, ते घर त्याच्या डोळ्यांदेखत जमीन सोडून चाललं होतं.

पलीकडच्या घरातला म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकला होता आणि त्या रेघेतून आरपार बघत होता. एका बाईने पोटाशी धरलेला तांब्या तसाच धरून ठेवला होता. भिमाबाईंचे ओठ हलत होते. त्रिसरण चाललं होतं की नुसत्याच पुटपुटत होत्या, कळत नव्हतं. इतकी वर्षं तो ज्या नगरपरिषदेत बसला, तिच्यात एवढं बळ होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम मात्र हातात टेप घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होत्या. "इकडे सारखं आहे. तिकडे जरा सावकाश."

"मॅडम, फरशी कवा वर येनार?" शुभांगीने विचारलं.

"फरशी नाही येत, काकू. ती खालीच राहते. घर पूर्ण वर गेलं की मग आतून मुरूम भरायचा आणि नवी फरशी टाकायची." आणि मॅडम पुढच्या कोपऱ्यात गेल्या.

शुभांगीने सोपानकडे बघितलं. सोपानने शुभांगीकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढंच पुरतं.

"मग आपली ती..." ती म्हणाली.

"हूं."

"ती कशावर हाय?"

"फरशीवर."

तेवढ्यात गिरणीच्या बाजूने बजरंग पळत आला. तो घराच्या मागच्या रस्त्यावर उभा होता. वळसा घालून आला होता, धापा टाकत होता. तो थेट सोपानसमोर येऊन थांबला. मधे कुणीच नव्हतं, ना आई, ना बायका, ज्यांच्यामार्फत बोलायची पद्धत होती.

"दादा," तो म्हणाला, "वरनं सुटली. मागच्या दारातनं दिसलं. भितीच्या डोक्यावरनं उजेड यायलाय."

"किती?"

"हात जाईल इतका. आन् आत मानसं हाईत. दोनी बाजूला. भितीकडं पाठ करून बसल्यात समदी."

शिट्टी झाली. पाव फेरा.

राजेश्वरी बजरंगच्या मागोमाग आली होती. "वरडू नगा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "इतकी वर्सं पडली न्हाई, आज कशाला पडंल? एकदा वर गेलं की रातच्याला उतरवू. आता बोललं तर घर गेलं समजा. भावजी, तुमीच सांगा यांना."

शुभांगी म्हणाली, "भावजी बरोबर बोलत्यात. सांगायला पायजे. कुनाची तरी लेकरं हाईत ती."

क्षणभर सोपानला कळेना की कोण कुणाच्या बाजूचं आहे. त्याची बायको त्याच्या भावाच्या बाजूने बोलत होती आणि भावाची बायको त्याला आपल्यात ओढत होती. भिंत बांधल्यापासून हा हिशोब कायम पक्का होता. घर पायापासून सुटलं आणि हाही सुटला.

"आई, तू तरी बोल," बजरंग खाटेकडे वळला.

"गप रं," भिमाबाई घरावरची नजर न काढता म्हणाल्या. "बगू दे की."

"दादा, तू सांग मॅडमला," बजरंग म्हणाला.

"मी?"

"मग कोन? हापिसातला तू."

ते खरं होतं. सोपान ऑफिसातला होता आणि ऑफिसात तो एकच गोष्ट शिकला होता. जो विषय आपल्या टेबलावर येईल तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. पुढचं टेबल म्हणून त्याने आजूबाजूला बघितलं. गिरणी होती. टेम्पो होता. शेळ्या होत्या. म्हातारपणाचं घर समोर हातभर हवेत तरंगत होतं. सायंकाळपर्यंत तोंड मिटून ठेवलं की ते त्याच्या नावावर होणार होतं. पुढच्या दारातून आत बसलेला एक मजूर त्याला दिसत होता. निळी बनियन, मानेवर टॉवेल. त्याच्या पाठीमागे लाकडी रंगाचा कागद.

मिस्त्र्याने शिट्टी तोंडाला लावली.

"थांबा!" सोपान ओरडला. त्याचा आवाज मधेच फाटला. तो रस्ता ओलांडून पळाला, चप्पल निघाली, ती तशीच राहिली. "मॅडम, थांबवा! ती फळी न्हाई! भित हाय! इटांची! आतल्या मानसांला भाईर काढा!"

मॅडमनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा दाराकडे बघितलं. प्रश्न विचारला नाही. "सगळे बाहेर," त्या मिस्त्र्याला म्हणाल्या. "आत्ता. भिंतीला धक्का न लावता, कडेकडेने."

माणसं एकेक करून बाहेर आली. निळ्या बनियनचा माणूस शेवटी आला आणि टॉवेलने तोंड पुसत, आपल्याला कशाला बाहेर काढलं म्हणून चिडून बघू लागला. सगळे मोजून झाल्यावर मॅडम सोपानकडे वळल्या. पण आधी दारापाशी गेल्या आणि आत बघितलं. मग सोपानने बघितलं, बजरंगने बघितलं, बायकांनी बघितलं, आणि त्यांच्या खांद्यांवरून जेवढ्यांना बघता आलं तेवढ्यांनी.

भिंत उभी होती. तिला आता कशाचाच आधार नव्हता. डाव्या भिंतीपासून ती सुटली होती, उजव्या भिंतीपासून सुटली होती, स्लॅब तिला सोडून वर गेला होता. तरी ती उभी होती. तिच्या डोक्यावरून मागच्या दाराचा उजेड पुढच्या भागात येत होता आणि त्या उजेडात धूळ अगदी सावकाश फिरत होती. लाकडाच्या कागदाचं वरचं टोक सुटून पुढे वाकलं होतं. कागदामागे विटा दिसत होत्या, आणि विटांच्या मधल्या मातीत बोटं उमटलेली होती. कुणाची होती ते आता सांगता आलं नसतं.

मिस्त्र्याने कानाच्या पाळीला हात लावला. "मैंने बहुत घर उठाये," तो म्हणाला. "पर घराशिवाय भिंत पहिल्यांदा बघितली."

"काका," मॅडम म्हणाल्या, "प्लायवूड म्हणाला होतात तुम्ही."

"व्हय."

"काकू, तुम्ही पण."

दोन्ही जावा एकाच वेळी पदर सारखा करू लागल्या.

"आत पाच माणसं होती," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच सोपानला तो लागला. "माझी चूक आहे. मी हात लावून बघायला हवं होतं. पण तुम्हाला माहीत होतं."

टेम्पोतली एक शेळी ओरडली.

"रद्द करा मॅडम," सोपान म्हणाला. "घर रद्द करा. आमची कायबी तक्रार न्हाई." निवृत्त माणसाला तक्रार नाही असं म्हणायची सवय लवकर लागते.

मॅडम भिंतीकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "ही बाजूला कुठं जोडलेली आहे?"

"न्हाई."

"वर?"

"आता न्हाई."

"खाली पाया?"

"न्हाई ओ. नुसती फरशीवर ठिवलीय."

"म्हणजे घराला ही कुठेच लागलेली नाही."

"न्हाई."

"मग हे बांधकाम नाही," मॅडम म्हणाल्या. "सामान आहे. सामान सगळं बाहेर काढा म्हणून आठ दिवसांपूर्वी मी नोटीस लावली होती. तुमचं एवढं राहिलंय. काढा. माझी माणसं हात लावणार नाहीत. आणि घर असं अर्ध्यावर ठेवता येत नाही, तेव्हा ऊन उतरायच्या आत."

सोपानला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने आयुष्यभर नियम बघितले होते, पण ते एवढे वाकताना आणि तरीही न मोडताना कधी बघितले नव्हते. तो तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"बगत काय ऱ्हाता?" राजेश्वरी म्हणाली. "शिडी आना."

मिस्त्र्याने आधी भिंतीला दोन्ही बाजूंनी बांबूचे टेकू दिले. मॅडमनी दोन पिवळी हेल्मेटं आणली आणि दोघा भावांच्या डोक्यांवर स्वतः बसवून पट्टे आवळले. सोपान पुढच्या बाजूने शिडीवर चढला, बजरंग मागच्या बाजूने. भिंतीच्या माथ्यावर आणि स्लॅबच्या पोटाखाली, त्या हातभर फटीत, दोन पिवळी हेल्मेटं समोरासमोर आली. दोघांनीही नजर विटेवर ठेवली.

पहिली वीट सुटायला वेळ लागला नाही. माती कोरडी होऊन भुसभुशीत झाली होती. सोपान वीट काढायचा, खाली शुभांगीच्या हातात द्यायचा. पलीकडे बजरंग राजेश्वरीच्या हातात. तिथून ती हातोहात चाळीतल्या बायकांकडे, आणि तिथून रस्त्यावर.

"गिलावा जाड घातलायस," सोपान म्हणाला.

"तुज्या बाजूचा हाय तो."

"आसंल."

बऱ्याच विटा गेल्या.

"नोकरी तुला पायजे हुती," सोपान म्हणाला.

"व्हय."

"काय न्हाई रे तिच्यात. खिडकीत बसून 'सायेब मीटिंगला गेल्यात' म्हनायचं."

"लई वर्सं म्हनलास पन."

"सवय लागली."

बजरंगच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. धूळ गेली असेल, असंही म्हणता आलं असतं. भिंत दोघांच्या छातीपर्यंत आली, मग कमरेपर्यंत. शिड्या काढून ठेवल्या. ती गुडघ्यापर्यंत आली तेव्हा राजेश्वरी पलीकडून सरळ पाय टाकून अलीकडे आली आणि शुभांगीच्या हातातलं घमेलं घेऊन म्हणाली, "सरा, अक्का. तुमचं कंबरडं हाय." इतक्या वर्षांत ती प्रथमच मागच्या भागातून पुढच्या भागात गल्लीला वळसा न घालता आली होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटचा थर निघाला आणि फरशीवर एक फिकट पट्टा राहिला.

मॅडम दारात उभ्या होत्या. "आता मला लिहायचंय," त्या म्हणाल्या. "या घरात कुटुंबं किती?"

बजरंगने हेल्मेट काढून हातात घेतलं. "सध्या एक," तो म्हणाला.

"सध्या असं लिहिता येत नाही."

दोघा भावांनी आपापल्या बायकोकडे बघितलं.

"एक लिवा मॅडम," राजेश्वरी म्हणाली. "सैपाकाचं आमी बगू."

"म्हंजे माज्याच गळ्यात," शुभांगी म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

"आणि घर कुणाच्या नावावर? सोपान छगन..." मॅडमनी लिहायला सुरुवात केली. नगरपरिषदेचा निवृत्त माणूस तोच होता, तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. बजरंग हेल्मेटवरची माती पुसू लागला. मान वर न करता तो ते बराच वेळ पुसत राहिला. हेल्मेट नगरपरिषदेचं होतं, एवढं पुसायची गरज नव्हती.

"बजाचं बी घाला," सोपान म्हणाला.

मॅडम थांबल्या. "दोन नावं चालतात. कुटुंब एक असेल तर."

"एकच हाय म्हनलो की."

बजरंगने मान वर केली नाही. पण त्याचा हात हेल्मेटवर थांबला.

माणसं पुन्हा आत गेली, आपापल्या जॅकपाशी बसली. मिस्त्र्याने मोकळ्या झालेल्या खोलीवर एकदा नजर फिरवली आणि शिट्टी मारली. पाव फेरा. पुन्हा सगळा रस्ता गप्प झाला. घर वर निघालं. आता ते हलकं झाल्यासारखं वाटत होतं. मिस्त्र्याला विचारलं असतं तर वजनात काही फरक नाही म्हणाला असता. उंबऱ्याची ओळ रस्त्याच्या बरोबरीला आली. मग रस्त्याच्या वर गेली. जमलेल्या लोकांतून एकदम श्वास सोडल्याचा आवाज झाला. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी घोषणा दिली नाही. नगरपरिषदेच्या कामाला अशी शांतता कधी मिळाली नव्हती. ऊन कलू लागलं होतं, आणि शिट्टी, पाव फेरा, शिट्टी, पाव फेरा, असं ते घर आकाशाच्या दिशेने थोडं थोडं जातच होतं.

सोपान रस्त्यावर उभा होता. पुढच्या दारातून त्याला रिकामी खोली दिसत होती, खोलीपलीकडे मागचं दार, आणि मागच्या दारातून साखर कारखान्याचा रस्ता. उसाने भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली त्या रस्त्यावरून गेली. ती त्याच्या घरातून गेल्यासारखी दिसली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. तिच्यामागोमाग मावळतीचं ऊन मागच्या दारातून आत आलं आणि सबंध खोली ओलांडून थेट रस्त्यापर्यंत पोचलं.

शेजारी बजरंग येऊन उभा राहिला होता.

"बजा," सोपान म्हणाला, "आत ऊन पडलंय."

"व्हय," बजरंग म्हणाला. "लई लांबनं येतंय."